मुकं सोयाबीन

शमीम मॅडमचं आणि माझं कधी पटलं नाही. पटायचं काही कारणही नव्हतं. मी गोदामवाला, त्या प्रयोगशाळावाल्या. जऊळका स्टेशनापासून थोडं पुढं आमचं बियाणं प्रक्रिया केंद्र आहे. आसपासच्या गावांतले कास्तकार मिळून ते चालवतात. सोयाबीन येतं, चाळणीतून जातं, थैल्यांत भरलं जातं आणि पुढच्या पेरणीला विकलं जातं. मधले सगळे महिने ते माझ्या ताब्यात. माझ्या लेखी भरून शिवलेला कट्टा थप्पीला लागला की काम संपलं. मॅडमच्या लेखी ते तिथून सुरू व्हायचं.

"सिमेंट नाही ते, भाऊ," त्या म्हणायच्या. "आतमधी जीव हाय."

हे त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी हसलो होतो. पुढं इतक्या वेळा ऐकलं की हसू येईना आणि रागही येईना. हमालानं खांद्यावरून कट्टा आपटला की प्रयोगशाळेच्या खिडकीतून त्यांचा आवाज यायचा. सोयाबीनचं टरफल म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखं, आणि आतली मुळी अगदी त्याच्याखाली. उंचावरून पडलं की बाहेरून काही दिसत नाही, पण आत मुका मार बसतो. हे हमालांना सांगायला त्या स्वतः यायच्या. अंगानं बारीक, डोक्यावरून ओढणी, वर पांढरा डगला, चष्मा कपाळावर चढवलेला. हमालांत एकजण पैलवान होता. तोही त्या दिसल्या की कट्टा लेकरासारखा खाली ठेवायचा आणि त्या गेल्या की माझ्याकडे बघून डोळा मारायचा.

त्यांच्या डगल्याच्या खिशात कायम बियाणं असायचं. चालता चालता कुठल्या तरी कट्ट्यातून चिमूट उचलायची, हुंगायची, खिशात टाकायची. एकदा डगला धुवायला टाकताना खिसा रिकामा करायचा राहिला आणि ओला डगला बादलीत तसाच पडून राहिला. खिशात मोड आले. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. यांनी ते मोड केंद्रावर आणून मला दाखवले आणि म्हणाल्या, "पाहा, खिशातलंभी पास हाय."

जेवायला आम्ही चार-पाच माणसं एकत्र बसायचो. माझ्या बायकोनं एकदा मटकीची उसळ दिली होती. मॅडमनं चमच्यावर घेऊन निरखली आणि विचारलं, "मटकी जुनी हाय का वो?" मी म्हटलं, मला काय माहीत, दुकानातून आणली. "जुनीच हाय. मोड आला, पण जोम नाही." त्यांनी ती खाल्ली, चांगली झाली म्हणून सांगितलंही, पण मी घरी जाऊन बायकोला मटकीचा निकाल सांगितला आणि त्यावरून बायको आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही.

हा जोम म्हणजे मॅडमचा जीव की प्राण. उगवण वेगळी आणि जोम वेगळा, हे मला समजायला दोन हंगाम गेले. ओल्या कागदात, ऊबेत, लाडात कुठलंही बी उगवतं. वावरात ढेकूळ असतं, ऊन असतं, पाऊस पुढं सरकतो. तिथं डोकं वर काढायला जोम लागतो. आणि जोम आधी जातो, उगवण मागून जाते. म्हणजे आज हिरवंगार उगवणारं बियाणं आतून संपत आलेलं असू शकतं. तेलबियांत हे फार, कारण आतलं तेल खवट होत जातं, आणि त्यातही सोयाबीन सगळ्यांत नाजूक. एक उन्हाळा कसाबसा काढतं. दुसरा बहुधा काढत नाही.

हे आधीच ओळखायला त्यांच्याकडे एक पेटी होती. बियाण्याला त्यात दमट गरमीत कोंडायचं. गोदामात सगळ्या वर्षात त्याचं जे व्हायचं, ते तिथं थोड्या दिवसांत होतं. मग बाहेर काढून उगवायला ठेवायचं. जे टिकेल ते साठवणुकीला लायक. मी तिला म्हातारपेटी म्हणायचो. एकदा म्हटलं, "मॅडम, आपल्या अध्यक्षांना ठेवता का आत एकदा?" त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "ते ठेवून काढलेलेच हाय."

ओलावा मोजायचं यंत्र होतं, पण यंत्रावर त्यांचा पुरता भरवसा नव्हता. दाणा समोरच्या दातांखाली धरून चावायच्या. टक असा आवाज आला तर कोरडं, दाणा दबला तर ओलं. रमजानात मात्र पंचाईत. मग माझी वर्णी लागायची. "रोजा हाय. तुमी चावा, मी ऐकतो." वऱ्हाडात बायाही ‘मी ऐकतो’च म्हणतात. मी मुकाट चावायचो आणि त्या मान तिरकी करून माझ्या दातांचा आवाज ऐकायच्या. "अजून एक. त्या बाजूच्या दातानं नाही, समोरच्या." महिनाभर मी असा यंत्रासारखा वापरला गेलो. ईदच्या दिवशी घरी शीरखुर्म्याचा डबा आला. सोबत निरोप होता, दातांची मजुरी.

त्यांच्या हट्टाचा एक किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. एका वर्षी बरंच बियाणं न विकता उरलं. अध्यक्षांच्या मनात ते पुढच्या हंगामापर्यंत ठेवायचं होतं. उगवण चाचणीत ते पास होतं. म्हातारपेटीतून मात्र पार झोपून निघालं. मॅडमनं साठवणुकीच्या कागदावर सही करायला नकार दिला. अध्यक्ष तावातावानं हिरव्या मोडांचा ट्रे हातात घेऊन आले.

"मॅडम, डोळ्यांसमोर उगवून राह्यलं हे. तुमी कायले नाही म्हणून राह्यल्या?"

"साहेब, ते आजचं सांगून राह्यलं. मी पुढच्या जूनचं सांगून राह्यली."

"पुढचं कोणाले कळते?"

"बियाण्यापुरतं मले कळते."

शेवटी ते सगळं तेलगिरणीला गेलं. अध्यक्षांनी चिडून एक कट्टा घरी नेऊन ठेवला, मॅडमना खोटं पाडायला. पुढच्या जूनमध्ये घरामागं पेरला. इथून तिथून चार रोपं दिसली. बिचारे सरळ मनाचे, येऊन कबूल झाले. आम्हाला वाटलं मॅडम आता पेढे मागतील. त्या म्हणाल्या, "कट्टा कुठी ठेवला होता? पत्र्याखाली? मंग माहं खरं झालं असं म्हणू नका. जागाच वाईट होती." जिंकलेला डाव कुणी असा परत करत नाही. मला त्या दिवशी त्या फार आवडल्या, पण तसं बोललो नाही.

त्यांचे यजमान यूसुफभाऊ अगदी उलटे. उंच, बोलके, आवाज असा की रेल्वे फाटकापलीकडून कळावं. जऊळक्यालाच घर, रुळांच्या बाजूला वावर. दुपारी मॅडमचा डबा द्यायला यायचे आणि अर्धा तास माझ्याकडे बसायचे. मॅडमशी डबा देण्यापुरतंच बोलणं. बाकी सगळं मला सांगायचे, तेही खिडकीतून आत ऐकू जाईल अशा बेतानं.

त्यांना ते झाड सापडलं त्याची गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली असेल. त्या वर्षी कापणीला मजूर मिळाले नाहीत. सोयाबीन वाळून उभं राहिलं आणि शेंगा तडकायला लागल्या. "भाऊ, दुपारच्या उन्हात सारं वावर वाजून राह्यलं होतं. लाह्या फुटतात ना चुलीवर, तसं. तडतड, तडतड. दाणे अंगावर येऊन राह्यले. मी डोक्स्याले हात लावून कडेच्या धुऱ्यावर बसलो. अन् एक झाड चूप." त्या एका झाडाच्या शेंगा वाळून खुळखुळा झाल्या होत्या, पण मिटलेल्या. त्यांनी त्याला रुमाल बांधला आणि सगळं वावर कापून झाल्यावरही ते झाड तसंच उभं ठेवलं. तरी तडकलं नाही. त्याचे दाणे वेगळे ठेवले, पुढच्या वर्षी वेगळे पेरले. शेजारपाजारचे त्याला मुकं सोयाबीन म्हणायला लागले.

मॅडमनं आधी उडवून लावलं. "एका झाडाचं काय घेऊन बसले? त्या जागी ओल असन." पण दुसऱ्या वर्षीही त्यातली बरीच झाडं मुकी निघाली. जी तडकली ती यूसुफभाऊंनी उपटून काढली. असं करता करता मुठीचा वाफा झाला, वाफ्याचा तुकडा झाला. मॅडम दरवर्षी त्यातला नमुना गुपचूप आणायच्या आणि सगळ्या चाचण्यांतून काढायच्या. नवऱ्याला फक्त खोड सांगायच्या. कधी दाणा बारीक, कधी टरफल पातळ. एका वर्षी त्या खिडकीतून म्हणाल्या, "बरं हाय." यूसुफभाऊ त्या दोन शब्दांवर पेरणीपर्यंत खुश होते.

लोक बियाणं मागायला लागले. मीही मागितलं, माझं थोडं कोरडवाहू आहे. यूसुफभाऊंचा हात तर पुढं आलेलाच होता. मॅडमनं अडवलं. "अजून एक-दोन हंगाम पाहू द्या. कच्चं वाण वाटलं अन् फसलं तं त्या कास्तकाराचं साल जाते." हे अगदी त्यांच्या स्वभावाला धरून होतं, आणि चूकही नव्हतं. त्यामुळं एक दाणाही बाहेर गेला नाही. शेवटच्या सुगीत यूसुफभाऊंनी ते झोडपलं नाही, शेंगा हातानं सोलल्या, दाणा न दाणा निवडला, ऊन देऊन वाळवला आणि झाकणाच्या एका पत्र्याच्या कोठीत भरला. साऱ्या दुनियेत ते सोयाबीन तेवढंच होतं.

त्या उन्हाळ्यात यूसुफभाऊ गेले. जेवून पडले ते उठले नाहीत. आदल्या दिवशी माझ्याकडे बसून चहा पिऊन गेले होते. मी मातीला गेलो, सगळं केंद्र आलं होतं. काय वाटलं असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. काहीच वाटलं नाही. घरी येऊन मी कितीतरी वेळ पंख्याखाली बसलो आणि बायकोनं पाणी दिलं ते तसंच हातात धरून ठेवलं.

नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, असा त्यांच्यात रिवाज आहे. इद्दत म्हणतात. मॅडमची इद्दत सगळ्या पावसाळ्यावरून गेली. पेरणी त्यातच आली. मी बायकोला घेऊन भेटायला गेलो तेव्हा बायको आत गेली आणि मी ओसरीवर त्यांचे दीर रशीद यांच्याजवळ बसलो.

रशीद म्हणाले, "भाभीले म्हटलं, ते बियाणं दे, मी पेरतो. तिफण उभी हाय. भाईची मेहनत हाय ते. नाही म्हणते."

"काहून?"

"म्हणते, मी पेरीन. पुढच्या साली, माह्या हातानं. तुमी बोलून पाहा ना, भाऊ."

मी बोलू शकत नव्हतो, म्हणून बायकोच्या हाती निरोप पाठवला. बायको उत्तर घेऊन आली. "त्या म्हणतात, मले ठेवता येते." आणि हेही सांगितलं की कोठी त्यांच्या खोलीतच आहे, खाटेला लागून.

ते उत्तर ऐकून मला पटलं. रशीदनाही मीच समजावलं. म्हटलं, अहो, साऱ्या तालुक्याला बियाणं कसं ठेवायचं ते तुमची भाभी शिकवते. एक वर्ष ठेवणं म्हणजे तिला काय अवघड? कोरडं बियाणं, बंद कोठी. तिच्या हातून थोडंच बिघडणार?  रशीदनी त्या तुकड्यात दुसरं सोयाबीन पेरलं.

इद्दत संपल्यावर मॅडम कामावर आल्या तेव्हा आमची सुगीची गर्दी सुरू होत होती. काय बोलायचं हे आम्ही सगळ्यांनी मनात घोकून ठेवलं होतं. त्या फाटकातून आत आल्या, सलाम केला आणि मला विचारलं, "नवा माल कोण्या बाजूनं लावून राह्यले?" मी सांगितलं. त्या प्रयोगशाळेत गेल्या. आमची वाक्यं आमच्याजवळच राहिली.

काम तेच, तसंच. नमुने, ओले कागद, पेटी. एकही चूक नाही. फक्त भांडण गेलं. माझा माल नापास केला की कागद टेबलावर ठेवायचा आणि निघायचं. मी पूर्वीसारखा आरडाओरडा करून पाहिला, मुद्दाम करून पाहिला. त्या शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हो." नापास ते नापासच राहायचं. पैलवानानं एकदा त्यांच्यासमोर कट्टा टाकला, धाडकन. त्यांनी बघितलं आणि पुढं गेल्या. पैलवानानं तो कट्टा उचलून पुन्हा नीट ठेवला. रमजान आला. मी वाट बघितली, पण चावायला कुणी बोलावलं नाही. त्या यंत्रावरचा आकडा घेऊन मोकळ्या झाल्या. मला त्यांची दया येण्यापेक्षा भीती वाटायला लागली होती. रडणाऱ्या बाईला काही तरी म्हणता येतं.

हिवाळ्यात एकदा मी विषय काढला. "मॅडम, कोठीतलं थोडं आणा ना. तपासून ठेवू."

"पाहू."

उन्हाळा लागला तेव्हा पुन्हा म्हटलं.

"पाहू," त्या म्हणाल्या.

जिला शेजाऱ्याच्या ताटातली मटकी तपासल्याशिवाय चैन पडायचं नाही, ती बाई ‘पाहू’ म्हणत होती. तेव्हाच मला समजायला हवं होतं, पण मलाही समजून घ्यायचं नव्हतं. तपासल्यावर काय ते कळणारच होतं. तोपर्यंत यूसुफभाऊंचं वाण होतं, कोठीत होतं, पुढच्या साली पेरायचं होतं.

पेरणी तोंडावर आली तेव्हा एका सकाळी त्यांच्या टेबलावर मला एक नमुना दिसला. माझ्या गोदामाचा क्रमांक त्यावर नव्हता. "कोणाचं?" मी विचारलं. "हाय एका कास्तकाराचं," त्या म्हणाल्या. मी पुढं विचारलं नाही. त्यांनी ते बाकीच्या नमुन्यांसारखंच ओल्या कागदावर मांडलं, गुंडाळ्या केल्या आणि ऊबेला ठेवलं.

गुंडाळ्या उघडल्या त्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून तिथं उभा राहिलो. चांगल्या बियाण्याचा कागद उघडला की ओल्या शेंगेचा वास येतो. या कागदाला आंबूस वास आला. दाणे फुगून चिकट झाले होते, काहींवर बुरशीची पांढरी लव होती. मॅडम चिमट्यानं एकेक दाणा बाजूला करत होत्या आणि दरवेळी करतात तसं मोठ्यानं सांगत होत्या. प्रयोगशाळेत दाण्याची वर्गवारी अशीच बोलून करतात.

"मेलेलं. मेलेलं. मेलेलं."

आवाज सपाट होता. मध्येच एका दाण्यानं डोकं काढलेलं दिसलं. त्यांनी तो उलटा करून पाहिला. मूळ नव्हतं. मूळ नसलं की मोड धरायचा नाही, असा नियम आहे.

"मॅडम, हे एक तरी धरा," मी म्हटलं.

"मूळ नाही, भाऊ." आणि पुढचा दाणा. "मेलेलं."

त्यांनी दुसऱ्यांदा नमुना लावला. तेच. मग म्हणाल्या, "कागद कागद असते. वावरात टाकून पाहू. हजारात एक उगवलं तरी वाण वाचते." हे खरं होतं. एकाच झाडापासून तर सगळं सुरू झालं होतं. मला पुन्हा आशा वाटली आणि वाटतं त्यांनाही वाटली असेल, कारण त्या दिवशी जेवताना त्या माझ्याशी चार वाक्यं बोलल्या.

रशीदनी तो तुकडा राखून ठेवला होता. ओल चांगली झाल्यावर मॅडमनं कोठी रिकामी केली आणि सगळं बियाणं हातानं टोकलं, दाट, दाण्याला दाणा लावून. मी आणि रशीद मागून माती लोटत गेलो. कुणाला हात लावू दिला नाही बियाण्याला. दुपारपर्यंत चाललं. पाठ मोडली माझी. मध्ये एक गाडी रुळावरून गेली तेव्हाच काय तो आवाज.

रशीदचं शेजारचं सोयाबीन रांगेनं वर आलं. दोन पानांचं झालं. मॅडमचा तुकडा काळाच राहिला. त्या रोज कामावरून परतताना वळून जायच्या. शेवटी एका संध्याकाळी मी बरोबर गेलो. त्या तुकड्यात उकिडव्या बसल्या आणि बोटानं माती उकरली. दाण्याच्या जागी नुसता लगदा. दुसरीकडे उकरली. तिथंही लगदा. दोन ठिकाणी दाण्यानं माती फोडून मान काढली होती, पण ती पिवळी पडून वाकलेली. बोट लावलं तर सुटून हातात आली.

मला काहीतरी बोलावंसं वाटलं. म्हटलं, "मॅडम, मुळातच नाजूक असन ते वाण. तुमीच म्हणायच्या ना, टरफल पातळ हाय. उन्हाळाभी लय कडक गेला."

"नाही," त्या म्हणाल्या. "बियाणं चांगलं होतं. वाळलेलं होतं. बंद ठेवलं असतं तं एखादं तरी टिकलं असतं."

त्यांनी उकरलेली माती पुन्हा जागेवर लोटली.

"मी रोज उघडत होती."

"काय?"

"कोठी. इद्दतीत. सकाळी उघडायची, संध्याकाळी उघडायची. आत हात घालून बसायची. त्यायनं एकेक दाणा हातानं निवडला होता ना, भाऊ."

सोयाबीन पावसाळी हवा पिऊन घेतं, हे आमच्याकडे पैलवानालासुद्धा माहीत आहे. झड लागली की आम्ही गोदामाचं दार उघडत नाही. आणि त्या सगळा पावसाळा दिवसातून दोनदा झाकण काढून त्यात कोपरापर्यंत हात घालून बसल्या होत्या. ओल आत शिरली, झाकण लावलं की कोंडली, वरून उन्हाळा. त्यांच्या पेटीत बियाण्याचं जे करतात तेच.

मला राहवलं नाही. अगदी मूर्खासारखं विचारलं, "पण तुमाले तं माहीत होतं, मॅडम."

"माहीत होतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी हाताची माती झटकली आणि उठल्या. रशीदनी तो तुकडा दुसऱ्या दिवशी मोडून पुन्हा पेरला. मी घरी आलो आणि जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी नोकरी संपली. जाण्याआधी केनवडला बायांची सभा होती, तिथं मॅडमबरोबर गेलो, तीच आमची एकत्र शेवटची फेरी. घरचं बियाणं कसं राखायचं आणि पोत्यावर घरच्या घरी कसं तपासायचं, हे त्या दरवर्षी तिथं शिकवतात. देवळाच्या सभामंडपात बाया बसल्या होत्या. मॅडम थोड्या वाळल्या होत्या, आवाज तोच. वाळवायचं कसं सांगितलं, भरायचं कसं सांगितलं.

पुढं बसलेल्या एका बाईनं विचारलं, "मॅडम, कोठीत भरलं तं मधात एखादखेपी पाह्यलं तं चालते का?"

"नाही. एकदा झाकण लावलं की पेरणीपर्यंत उघडायचं नाही."

"एकदाभी नाही?"

"एकदाभी नाही. पाह्यची इच्छा होईन. होतेच. तरी नाही."

त्या बाईला गंमत वाटली. "आता सोयाबीन पाह्यची कोणाले इच्छा होईन वो, मॅडम? सोनं हाय का ते?"

सगळ्या बाया हसल्या. मी मॅडमकडे बघितलं नाही. त्या हसू ओसरेपर्यंत थांबल्या आणि पोतं भिजवायला कुणीतरी पाणी आणा म्हणाल्या.